दवाखाना आणि वस्ती यांच्यामधले काम

प्रस्तावना

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. शहराजवळच कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी या एकाच जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. डॉक्टर, प्राध्यापक, प्रयोगशाळा, ग्रंथालये यांची या जिल्ह्यात अगदीच वानवा आहे, असे कुणी म्हणणार नाही. तरीही विडी वळणारी बाई महिनोन्‌महिने खोकला अंगावर काढते, यंत्रमागावरच्या कामगाराला ऐकू येईनासे झाले तरी तो तपासायला जात नाही, आणि गावाकडची पन्नाशीची बाई दवाखान्याची पायरी चढते तेव्हा दुखणे हाताबाहेर गेलेले असते. ज्ञान आहे, इमारत आहे, बहुतेक वेळा औषधही आहे, आणि तरी ते ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. हे अंतर कमी करण्यासाठी विद्यासंस्थेच्या वतीने वस्तीत जाणारा आणि वस्तीच्या वतीने विद्यासंस्थेत परत येणारा माणूस, म्हणजेच समाजसंपर्क कार्यकर्ता, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. या कामाकडे आपण आजवर सेवाभावी जोडकाम म्हणून पाहत आलो. माझे म्हणणे असे की ते जोडकाम नाही. आरोग्याचे ज्ञान तयार होण्यात त्याचा अर्धा वाटा आहे, आणि तो वाटा बाजूला ठेवला तर उरलेले अर्धे ज्ञानही लुळे पडते.

आरोग्यविषमता म्हणजे नुसता आजार नव्हे. आजार सगळ्यांनाच होतात. टाळता येण्याजोगे दुखणे जेव्हा ठरावीक धंद्यातल्या, ठरावीक वस्तीतल्या, ठरावीक भाषेच्या माणसांच्याच वाट्याला पुन्हा पुन्हा येते, तेव्हा ती विषमता असते. सोलापुरात ती समजून घ्यायची तर विडी कामगार स्त्रीचा एक दिवस पाहावा. मांडीवर सूप, त्यात तंबाखू. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडून दोरा बांधायचा, की पुढचे पान. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, तीही पसंत पडलेल्या विड्यांची. तिने दवाखान्यात सकाळ घालवली तर ती सकाळ मजुरीतून जाते. रांगेत उभे राहून केसपेपर काढला, तर काम घरात बसून होते म्हणून ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिले जाण्याची शक्यता मोठी. तसे झाले की तंबाखूच्या धुरळ्यात काढलेली तिची वीस-पंचवीस वर्षे कागदावरून पुसली जातात. तिच्यावर उपचार होईल, पण तिच्या दुखण्याचे कारण संस्थेला कधीच कळणार नाही. शिवाय पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतून आजही तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांतून कन्नड चालते, आणि विषमतेचा हिशोब मांडणारे फॉर्म मात्र एकाच भाषेत छापलेले असतात. अशा ठिकाणी मधल्या माणसाशिवाय गोळा केलेली आकडेवारी अपुरी तर असतेच, पण ती ठरावीक बाजूलाच झुकते. जे आधीच नजरेआड आहेत, तेच तिच्यातून गळतात.

हे नुसते तर्काने सांगायचे कारण नाही. याच जिल्ह्यातल्या बार्शीने ते देशाला करून दाखवले आहे. १९८७ मध्ये बार्शी येथे भारतातली पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि शेजारच्या जिल्ह्यातले परांडा व भूम हे तालुके मिळून ३४६ गावे तिच्या कक्षेत घेतली गेली. डॉ. बी. एम. नेने यांनी उभारलेले नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा स्मारक केंद्र आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या सहकार्यातून हे काम उभे राहिले. शहरातल्या नोंदणीची पद्धत ठरलेली असते. रुग्णालये आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळा यांच्या वह्या तपासायच्या, मृत्यूचे दाखले पाहायचे, नावे जुळवायची. बार्शीच्या गावांत ही पद्धत लावली असती तर कॅन्सर जवळपास नाहीच, असे उत्तर आले असते, कारण आजारी माणूस रुग्णालयाच्या वहीपर्यंत पोचतच नव्हता. तेव्हा वही गावात न्यावी लागली. नोंदणीचे क्षेत्रकर्मचारी गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, दाई, आरोग्यसेवक यांना भेटू लागले, कोणती लक्षणे दुर्लक्षू नयेत हे घरोघर सांगू लागले, आणि संशय वाटेल त्या माणसाला तपासणीसाठी बार्शीला यायला राजी करू लागले.

यातून जे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे. मोजणारा आणि मदत करणारा असे दोन वेगळे कर्मचारी बार्शीला नेमता आले नाहीत. ज्याने लक्षण समजावून सांगितले त्यालाच लक्षण सांगितले गेले, आणि ज्याने बरोबर येऊन तपासणी करवून दिली त्याच्याच वहीत नाव आले. पुढे या नोंदणीतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, या ग्रामीण भागात कर्करोगाचे प्रमाण मुंबईसारख्या शहरापेक्षा बरेच कमी होते, आणि स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे होता. दुसरी आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची. नोंदणी सुरू झाल्यानंतरच्या थोड्याच वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये सुरुवातीच्या टप्प्यावर सापडणाऱ्यांचा वाटा वाढला. हा निष्कर्ष १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवे औषध आले नव्हते, सर्व स्त्रियांची सरसकट तपासणीही सुरू झाली नव्हती. बदल इतकाच होता की ओळखीचा, विश्वासाचा माणूस ठरावीक काळाने गावात येत होता आणि अंगावरून जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे या गोष्टी लाजेच्या नसून तपासण्याच्या आहेत असे सांगत होता.

याच पायावर १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप तपासणी, तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. ल्योनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय यांनी मिळून तो केला, आणि २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांत पुढच्या टप्प्यावर गेलेले कर्करोग ३९ निघाले आणि या आजाराने ३४ जणी दगावल्या. तुलनेच्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या, आणि तेथे हेच आकडे ८२ आणि ६४ होते. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयी पुढे जगभर जी धोरणे आखली गेली, त्यांच्या आधारांमध्ये या अभ्यासाला मानाचे स्थान आहे.

एखादा चिकित्सक वाचक येथेच अडवील, आणि त्याने अडवावेही. मृत्यू कमी झाले ते चाचणीमुळे, संपर्कामुळे नव्हे, असे तो म्हणेल. पॅप आणि डोळ्यांनी तपासणी या दोन गटांतही कार्यकर्ते तितक्याच तळमळीने फिरले होते, तरी तेथे मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुद्दा खरा आहे. नुसत्या संपर्काने कुणी वाचत नाही. हातात चांगले साधन नसेल तर गोड बोलणे फोल आहे. पण साधनालाही त्याची दुसरी बाजू लागते. या अभ्यासात तपासणीच्या तिन्ही गटांत मिळून १,००,८०० पात्र स्त्रियांना बोलावण्यात आले आणि ७९,४४९ जणी, म्हणजे ७८.८ टक्के, आल्या. त्याच्या शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला, २०१९-२१ चा आकडा ठेवा. देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के. एकीकडे शंभरात एकोणऐंशी, दुसरीकडे शंभरात दोनसुद्धा नाहीत. देशात पॅप तपासणी ठाऊक नव्हती असे नाही. धाराशिवच्या कोरडवाहू गावांत तेवढ्या बायका आल्या, कारण त्यांच्या दारात कुणीतरी गेले होते, घरच्यांशी बोलले होते, तपासणी गावाजवळ आणली होती आणि पुढच्या उपचाराची हमी दिली होती. चाचणीने जीव वाचवले हे खरे, पण चाचणीपर्यंत जीव आणला तो या माणसांनी. आणि ज्या आल्या नाहीत त्या कोण, हेही संशोधकांनी पाहिले. वयाने मोठ्या, न शिकलेल्या आणि नवऱ्याची सोबत नसलेल्या स्त्रिया न येणाऱ्यांत अधिक होत्या. म्हणजे इतक्या प्रयत्नानंतरही विषमता शेवटच्या पाचव्या हिश्श्यात जाऊन बसलीच. संपर्काचे काम कुठे संपत नाही, हे त्यातून दिसते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो जास्त जड आहे. या अभ्यासातल्या चौथ्या गटातल्या स्त्रियांची तपासणी करण्यात आली नाही. तपासणीचा उपयोग जगाला ठाऊक असताना हजारो गरीब स्त्रियांना तुलनेसाठी तसेच ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न भारतात आणि बाहेरही विचारला गेला. संशोधकांचे उत्तर असे होते की त्या काळी भारतात तपासणी न होणे हीच प्रचलित स्थिती होती, आणि या गटालाही आजाराची माहिती देण्यात आली होती. या उत्तरात तथ्य आहे, पण त्याने मनाचे पूर्ण समाधान होत नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून पाहिले गेले. ते प्रकरण फसवणुकीचे होते, धाराशिवचे तसे नव्हते; दोन्ही एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरी एक प्रश्न दोन्हीकडे उरतो. अभ्यासाचा आराखडा ठरताना ज्यांच्यावर अभ्यास होणार त्यांच्या बाजूने खोलीत कोण बसले होते? संपर्क कार्यकर्त्याला आराखडा पक्का झाल्यावर केवळ होकार गोळा करायला पाठवले, तर तो संस्थेचा दलाल ठरतो, आणि लोक हे फार लवकर ओळखतात. म्हणून या आक्षेपाचा अर्थ हे काम नको असा होत नाही. हे काम आराखड्याच्या आधी सुरू झाले पाहिजे, आणि ‘हे आमच्या गावात अशा रीतीने चालणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार कार्यकर्त्याला असला पाहिजे, असा होतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. २००५ पासून गावोगाव आशा आहेत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र आहेत, मग आणखी एक माणूस कशाला? आशांचे ऋण मान्य करूनच याचे उत्तर द्यायला हवे. लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण, क्षयरोगाची औषधे हे सारे ओझे त्या अल्प मानधनावर वाहतात, आणि वरून आलेले काम खाली पोचवणे हे त्यांच्या नेमणुकीचे स्वरूप आहे. आरोग्यमित्र रुग्णालयाच्या दारात बसतो. जो दारापर्यंत आला त्यालाच त्याचा उपयोग. खालून वर जाणारी वाट या दोघांच्याही नेमणुकीत नाही. तंबाखूच्या धुरळ्यात काम करणाऱ्या बायकांसाठी बाह्यरुग्ण विभागाची वेळ बदला, तेलुगू आणि कन्नड जाणणारी परिचारिका ठेवा, केसपेपरवर घरबसल्या कामाचा रकाना घाला, ऊसतोडीच्या हंगामात फडावर राहणाऱ्या कुटुंबांची नोंद कोणत्या केंद्राने घ्यायची ते ठरवा, ही मागणी विभागप्रमुखाच्या टेबलावर ठेवणारा माणूस विद्यासंस्थेच्या आतला असावा लागतो. सोलापूरच्या उत्तरेला जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून दाखवून दिले, की न शिकलेली गावची बाई उत्तम आरोग्य कार्यकर्ती होऊ शकते. हैदराबाद रस्त्यावरच्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ स्त्रिया तयार करून तीच गोष्ट दुष्काळी मुलखात सिद्ध केली. हे ज्ञान महाविद्यालयांच्या बाहेर जन्मले. ते आत आणायचे असेल तर आतही कुणीतरी ते ऐकणारे हवे.

चौथा आक्षेप डाव्या विचाराच्या मित्रांकडून येतो, आणि सोलापूरसारख्या कामगार शहरात तो येणे स्वाभाविक आहे. आजाराचे मूळ मजुरीत, घरात, पाण्यात आहे. संपर्क कार्यकर्ता नेमून ते बदलणार नाही, उलट त्यावर मलमपट्टी होईल. मूळ तेथेच आहे, यात वाद नाही. कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे उभी राहिली, ती संघटनेच्या लढ्यातून, कुठल्या शोधनिबंधातून नव्हे. पण हक्काच्या लढाईलाही पुरावा लागतो. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालल्या. विड्यांवरच्या ज्या उपकरातून हा निधी भरत होता, तो २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येताना रद्द झाला. त्यानंतर या बायकांच्या आरोग्यसेवेचे काय झाले, हे वर्षानुवर्षे मोजून सांगणारी व्यवस्था कोणाकडे असायला हवी? संघटनेकडे ताकद आहे, संस्थेकडे मोजण्याची शिस्त आहे. दोघांना एका टेबलावर आणणारा माणूस मलमपट्टी करत नाही, तो मुळाशी जायची वाट मोकळी करतो.

मग हे आजवर झाले का नाही? प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९४६ च्या भोर समितीने वैद्यकीय शिक्षण समाजाकडे वळवण्याची शिफारस केली. १९७७ मध्ये प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाकडे तीन विकासगटांची जबाबदारी देण्याची योजना आली, त्यासाठी फिरत्या दवाखान्यांची मोठी वाहनेही मिळाली. वाहने थकली आणि योजना विरली. माझ्या मते, वाहनांची तजवीज झाली तशी गावाशी नाते सांभाळणाऱ्या कायमच्या माणसाची झाली नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. आता राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक उपक्रम आणला आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे घ्यायची आणि त्यांच्याशी संबंध ठेवायचा. कल्पना चांगली आहे, पण धोका तोच आहे. विद्यार्थी शिकून निघून जातो, कुटुंब तेथेच राहते. दर वर्षी नवा चेहरा येऊन तेच प्रश्न विचारू लागला, मागच्या वर्षी सांगितलेल्या दुखण्याचे पुढे काय झाले हे कुणालाच ठाऊक नसले, की लोक दार उघडतात पण मन उघडत नाहीत. सोलापुरात आणखी एक अडचण आहे. वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली, आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भाषा, जनसंवाद हे विषय सोलापूरच्या विद्यापीठात. विषमता समजायला दोन्ही हवीत, आणि दोघांमध्ये प्रशासनाची भिंत आहे. ती ओलांडणे कुणाच्याच कामाच्या यादीत नसेल, तर ती ओलांडली जाणार नाही.

पद नव्याने शोधून काढायचीही गरज नाही. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, जनऔषधवैद्यक विभागाच्या ग्रामीण आणि नागरी आरोग्य केंद्रांवर वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांच्या जागा असतात, विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचे समन्वयक असतात. अडचण ही की यांचे काम शिबिरे किती, उपस्थिती किती, छायाचित्रे किती यावर मोजले जाते. ते मोजमाप बदलले पाहिजे. किती लोकांना सांगितले याऐवजी किती जण लवकरच्या टप्प्यावर आले, तपासणीत दोष निघालेल्यांपैकी किती जणांचा उपचार पुरा झाला, न आलेले कोण होते, आणि त्यांच्या सांगण्यावरून संस्थेने स्वतःच्या वागण्यात काय बदल केला, हे विचारले पाहिजे. यांतल्या काही गोष्टी बार्शीच्या नोंदणीने आणि तिच्या पायावर उभ्या राहिलेल्या अभ्यासाने मोजून दाखवल्या आहेत, म्हणून हे मोजता येत नाही ही सबब सोलापूर जिल्ह्यात तरी चालणार नाही.

या विषयात पहिल्यांदाच शिरणाऱ्या वाचकाने, विशेषतः डॉक्टर किंवा प्राध्यापक होऊ पाहणाऱ्या तरुण वाचकाने, संपर्काच्या कामाला मनाच्या मोठेपणाचे काम समजू नये. ते कौशल्याचे काम आहे. त्याला भाषा लागते, हिशोब लागतो, आजाराचे ज्ञान लागते, गावाच्या राजकारणाची जाण लागते, आणि तीच ती माणसे पुन्हा पुन्हा भेटण्याची चिकाटी लागते. म्हणून त्याला कायम नेमणूक, रास्त वेतन आणि संशोधनाच्या समित्यांवर मताधिकार मिळाला पाहिजे, आणि शोधनिबंधावर त्याचे नाव आले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या उच्चाटनासाठी जे लक्ष्य ठरवले, त्यात वयाच्या पस्तिसाव्या आणि पुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत सत्तर टक्के स्त्रियांची दर्जेदार चाचणी व्हावी असे म्हटले आहे. ते लक्ष्य जाहीर होण्याच्या कितीतरी आधी बार्शीच्या कार्यकर्त्यांनी शेजारच्या गावांत बोलावलेल्या स्त्रियांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणी एका फेरीपुरत्या तरी तपासणीला आणून दाखवल्या. आता सोलापूरच्या विडी वस्त्यांत, यंत्रमागांच्या गल्ल्यांत आणि उसाच्या फडांवर तेच पुन्हा करायचे, की त्या कामगिरीचा अभिमान फक्त समारंभात मिरवायचा, याचा निर्णय जिल्ह्यातल्या विद्यासंस्थांनी घ्यायचा आहे, आणि तो त्यांच्या पुढच्या अंदाजपत्रकात, मंजूर पदांच्या यादीत दिसला पाहिजे.